सव्वीस वह्या आणि न विचारलेले प्रश्न

कल्याण पूर्वेतील आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात अभ्यासिका चालते. दिवाळीच्या सुट्टीत तेथील अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना एक काम दिले होते. शेजारपाजारच्या, ओळखीच्या एका धंदेवाल्या माणसाला किंवा बाईला भेटायचे, त्यांची मुलाखत घ्यायची आणि चार पाने लिहून आणायची. बारावीच्या वाणिज्याच्या पुस्तकात उद्योजकता विकासावर एक धडा आहे. त्यात उद्योजकाचे गुण दिलेले आहेत. मुले ते पाठ करतात, परीक्षेत उतरवून येतात आणि विसरतात. ज्या मावशीकडून घरी रोज पोळ्या येतात ती मावशी उद्योजक आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून हा उपक्रम.

वह्या तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. कारण एवढेच की मी बी.कॉम. आहे आणि गेली वीस वर्षे एका कचेरीत बिले तपासण्याची कारकुनी करतो. आकडा दिसला की तो कुठून आला हे पाहण्याची सवय लागली आहे. लोकलमध्ये जाता-येता, कधी बसून तर बहुधा उभ्याने, सव्वीसच्या सव्वीस वह्या वाचल्या. पोळ्या करणारी मावशी, वडापावची गाडी, इस्त्रीवाले, मोबाईल दुरुस्तीवाला दादा, मंडपवाले, ब्युटी पार्लरवाली ताई, तीन रिक्षावाले, मसाले-पापड करणारी मावशी, निळे झेंडे आणि पुस्तके विकणारे काका अशी ही मंडळी. मुलांनी मन लावून लिहिले आहे, अक्षर चांगले काढले आहे, काहींनी तर शीर्षकाभोवती वेलबुट्टीही काढली आहे. त्याबद्दल त्यांचे कौतुक विहारात सर्वांसमक्ष केलेच. पण कौतुक झाल्यावर प्रत्येकाला जवळ बसवून जे सांगितले ते येथे पालकांसाठी मांडतो. उद्या हीच मुले वही घेऊन तुमच्या गाडीवर किंवा दुकानावर येऊन उभी राहणार आहेत.

पहिली गोष्ट भाषेची. सव्वीसपैकी एकोणीस वह्यांची सुरुवात जवळजवळ एकच आहे. ‘लहानपणापासूनच जिद्द आणि चिकाटी अंगी असलेले’ अमुक अमुक यांनी ‘अथक परिश्रमाने’ आपला व्यवसाय ‘नावारूपाला’ आणला. वडापावची गाडी लावणारा माणूस ‘अथक परिश्रम’ असे शब्द बोलेल का? मी त्या मुलाला विचारले, “काका असे म्हणाले?” तो म्हणाला, “नाही सर, ते म्हणाले की पाय इतके सुजतात की रात्री चप्पल निघत नाही.” मग बाळा, तेच लिही ना! चप्पल न निघण्यात सगळे आले. परिश्रम हा शब्द आपण सत्काराच्या शालीसारखा वापरतो. कुणाच्याही अंगावर घातली तरी चालते आणि आतला माणूस काही दिसत नाही.

याच मुलाच्या वहीत शेवटच्या पानावर एक वाक्य कोपऱ्यात लिहून ठेवलेले होते. “पाव संपले की धंदा संपला, वडे उरले तर घरचे खातात, पण पाव उरले तर माझा दिवस गेला.” विचारले तर म्हणाला, ते घाईत टिपून घेतले होते, मजकुरात बसले नाही. माझ्या मते अख्ख्या वहीत मोलाचे तेवढेच वाक्य आहे. लादी किती मागवायची हा त्या गाडीचा रोजचा सर्वांत अवघड निर्णय आहे. पाऊस येणार का, शाळा चालू आहे का, महिनाअखेर आहे का, हे सगळे त्या पावाच्या आकड्यात असते. पुस्तकातल्या धड्यात जोखीम पत्करणे म्हणून जो गुण सांगितलेला असतो, तो हाच.

चार जणांनी तर वस्तीतल्या कुणालाच न भेटता फोनवरून कल्पना सरोज यांची माहिती उतरवून आणली होती. कल्पनाताई आपल्या समाजाच्या मोठ्या उद्योजिका आहेत. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही संस्था २००५ साली उभी करणारे मिलिंद कांबळे यांनाही पद्मश्री मिळाली. मुलांनी हे जरूर वाचावे. पण वाचणे वेगळे, भेटून विचारणे वेगळे. शिवाय उतरवताना मुलांनी काय ठेवले आणि काय टाकले तेही पाहण्यासारखे आहे. सुरुवातीची होजियरी कारखान्यातली दोन रुपये रोजाची मजुरी ठेवली, शेवटची कोट्यवधींची उलाढाल ठेवली. मधला भाग, म्हणजे कमानी ट्यूब्ज ही कर्जात बुडालेली, कोर्टकज्ज्यांत अडकलेली कंपनी हाती घेऊन बँका, देणेकरी आणि कामगार यांच्याशी मिटवामिटव करण्याचा भाग, तो चौघांनीही गाळला. शिकण्यासारखे होते ते नेमके तिथेच होते. या चौघांना वह्या परत दिल्या आणि सांगितले, विहाराच्या दारातून बाहेर पडा, डावीकडे वळा, पहिले दुकान दिसेल तिथे जा.

आता पैशाकडे येतो. येथे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

सव्वीस वह्यांत ‘भांडवल किती होते आणि ते कुठून आणले’ हा प्रश्न सरळ विचारलेला एकही मुलगा सापडला नाही. ‘थोड्याशा भांडवलावर’ असे अकरा जणांनी लिहिले आहे. थोडेसे म्हणजे किती? पाचशे, पाच हजार की पन्नास हजार? बायकोची पोत मोडली की गावचा तुकडा विकला? आपल्या मुलांना पैशाचे विचारणे उद्धटपणाचे वाटते. घरचे संस्कार तसे आहेत आणि ते वाईट नाहीत. पण जो मुलगा उद्या स्वतः गाडी लावणार आहे त्याला कढई, शेगडी, सिलिंडर, गाडी यांचे मिळून किती लागतात हे कुणी सांगायचे? सावकाराच्या मुलाला हे घरात बसल्या बसल्या कळते. आपल्या मुलाला ते विचारूनच घ्यावे लागणार.

एका बारावीच्या मुलाने पोळ्या करून देणाऱ्या मावशीवर लिहिले होते, ‘मावशी दररोज दोन हजार रुपये कमावतात.’ मी वाक्याखाली रेघ मारली आणि त्याला परत पाठवले. म्हटले, मावशींना वेळ असेल तेव्हा, म्हणजे दुपारी तीननंतर जा आणि कालचा, फक्त काल एका दिवसाचा हिशेब विचार. दुसऱ्या खेपेला त्याने जे आणले ते असे. मावशींनी काल २५० पोळ्या दिल्या, आठ रुपयांप्रमाणे २,००० रुपये झाले. त्यात आठ किलो पिठाचे ३४०, तेलाचे १००, व्यापारी सिलिंडर बारा दिवस जातो त्या हिशेबाने गॅसचे १४५, लाटायला मदतीला येणाऱ्या ताईंचे ३००, कागद-पिशव्यांचे ६०. पुढच्या खोलीचे भाडे महिना ५,०००, सव्वीस दिवस काम धरले तर दिवसाला १९० च्या वर. सगळे मिळून १,१३५. उरले ८६५.

म्हणजे दोन हजार ही विक्री झाली, कमाई नव्हे. आणि हे ८६५ रुपये तरी एकट्या मावशींचे आहेत का? पहाटे साडेचारला उठून कणीक मळणारी त्यांची मुलगी आहे. तिची मजुरी कुणी धरलीच नाही. बाहेरच्या ताईंना ३०० देतात, तेच मुलीलाही धरले तर मावशींच्या वाट्याला ५६५ येतात. हिशेबात ज्याला मालकाचा नफा म्हणतात त्यातला बराचसा भाग घरच्या माणसांची न दिलेली मजुरी असते. हे त्या मुलाला समजले तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. त्याचे स्वतःचे वडील भाजीची गाडी लावतात आणि शाळेत जाण्यापूर्वी गाडी भरायला तोच जातो.

तेव्हा मुलांनो, ‘साधारण किती धंदा होतो’ असे विचारू नका. साधारण विचारले की माणूस साधारणच सांगतो. ‘काल किती गेले’ असे विचारा. काल कुणी विसरत नाही.

पालकांना विनंती अशी की मुलगा आकडा विचारू लागला तर “तुला काय करायचे आहे” म्हणून हुसकून लावू नका. मुलांनाही सांगून ठेवले आहे की गिऱ्हाईक उभे असताना कमाईचे विचारायचे नाही, भवानी व्हायच्या आधी तर तोंडही उघडायचे नाही. फुकटचा वडापाव घ्यायचा नाही. खायचा असेल तर पैसे देऊन खावा. फोनवर आवाज टिपायचा असेल तर आधी विचारावे. आणि प्रश्न विचारल्यावर समोरचा गप्प राहिला तर आपणच उत्तर पुरवायचे नाही. पुष्कळ वह्यांत मुलाचा प्रश्न पाच ओळींचा आणि काकांचे उत्तर ‘हो’ एवढेच आहे. ‘आपण खूप कष्टातून वर आलात आणि आज समाधानी आहात ना?’ यावर माणूस दुसरे काय म्हणणार?

कर्जाबाबतही असेच झाले. इस्त्रीवाल्या काकांवर लिहिणाऱ्या मुलीने ‘त्यांनी दहा टक्के व्याजाने कर्ज घेतले’ असे एका ओळीत उरकले होते. तिला विचारले, हातात किती आले आणि परत कसे करतात? ती पुन्हा जाऊन आली. दहा हजार ठरले, त्यातले एक हजार आधीच कापून हातात नऊ हजार दिले. आता रोज संध्याकाळी माणूस येतो, शंभर रुपये घेतो, असे शंभर दिवस. फलकावर तिला हे मांडून दाखवले. नऊ हजार वापरायला मिळाले, पण पूर्ण शंभर दिवस मिळाले नाहीत. रोज शंभर परत जातात, म्हणजे सरासरी हातात राहिले ते त्याच्या निम्मे, साडेचार हजारांच्या आसपास. त्यावर शंभर दिवसांत हजार रुपये गेले. वर्षाचा दर काढला तर तो पंचाहत्तर टक्क्यांच्या वर जातो. दहा टक्के कुठे आणि पंचाहत्तर कुठे! चक्रवाढीचे गणित या मुलांना शाळेत शिकवलेले आहे, पण इस्त्रीच्या टेबलाजवळ उभे राहून ते करायचे असते हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते.

‘सरकारी मदत घेतली का?’ हा प्रश्न मात्र बहुतेकांनी विचारला. उत्तर ‘नाही’ आणि मुलाखत पुढे गेली. अरे, ‘का नाही’ हे कोण विचारणार? महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात सर्वेक्षण करून फेरीवाल्याला विक्रीचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. २०२० साली फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आली तेव्हा पहिले कर्ज दहा हजारांचे होते, तेही तारणाशिवाय. नऊ हजारांसाठी पंचाहत्तर टक्के देणाऱ्या माणसाला दहा हजारांची ही योजना माहीतच नव्हती, की माहीत असून कागद जमला नाही, की कागद जमला आणि बँकेतल्या माणसाने उद्या या, परवा या केले? तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. एका मुलीने तेवढे विचारले. उत्तर आले, “चार फेऱ्या मारल्या, चार दिवसांची इस्त्री बुडाली, पाचव्यांदा गेलो नाही.” या उत्तराचा उपयोग आहे. आमच्या विहारात आता दर रविवारी दोन तरुण अर्ज भरून द्यायला बसतात, ते याच उत्तरावरून.

निळे झेंडे आणि पुस्तके विकणाऱ्या काकांची मुलाखत मला मनापासून आवडली. ती घेणारा मुलगा भीत भीत म्हणाला, “सर, यांचे दुकान बंद पडले आहे, चालेल का?” चालेल का काय, बंद पडलेल्या धंद्यावर सव्वीस जणांत एकट्याने लिहिले! काकांचे कॅसेटचे दुकान होते. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेट एप्रिल महिन्यात पेट्याच्या पेट्या जात. मग सीडी आली, काकांनी सीडी ठेवल्या. नंतर गाणी फोनवर आली आणि दुकान संपले. उरलेला माल अजून माळ्यावर आहे. आता काका चार ठिकाणी जागा धरून बसतात. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ एप्रिलला आपला भाग, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला दादरचे शिवाजी पार्क. वर्षभराचा धंदा त्या मोजक्या दिवसांत करायचा. २०२० च्या ६ डिसेंबरला कोरोनामुळे चैत्यभूमीवर गर्दी करू नये, घरूनच अभिवादन करावे असे शासनाने सांगितले. लोकांनी ते पाळले, ते योग्यच झाले. पण काकांनी त्या वर्षीची दिनदर्शिका आधीच छापून घेतली होती. झेंडा पुढच्या वर्षी विकता येतो, पुस्तकही विकता येते, दिनदर्शिका जानेवारीनंतर रद्दीत जाते. तेव्हापासून काका दिनदर्शिका छापत नाहीत, दुसऱ्याची आणून टक्केवारीवर विकतात. पुस्तकातला जोखमीचा धडा मी शिकवला असता तर या दिनदर्शिकेइतका चांगला शिकवता आला नसता. बंद पडलेल्या दुकानाचा मालक मोकळेपणाने बोलतो, हेही या वहीतून दिसले. चालू दुकानाच्या मालकाला गिऱ्हाईक, देणेकरी, भाऊबंद सगळ्यांची भीती असते.

मंडपवाल्यांच्या मुलाखतीत दुसरीच गंमत आहे. सगळे प्रश्न काकांना, सगळी उत्तरे काकांची. पण किती खुर्च्या कुठे गेल्या, कोणाची उधारी किती राहिली हे विचारले की काका आतल्या खोलीकडे पाहून हाक मारतात आणि काकू तोंडपाठ सांगतात. मुलाने हे मला तोंडी हसत हसत सांगितले, वहीत मात्र काकूंचा उल्लेख ‘पत्नीची मोलाची साथ’ एवढाच! उधारीची वही ज्याच्या हातात, धंद्याची नाडी त्याच्या हातात. त्या मुलाला काकूंची स्वतंत्र मुलाखत घ्यायला सांगितले आहे, आणि तीही काका घरात नसताना.

आता ज्या वहीवरून विहारात दोन संध्याकाळी चर्चा झाली त्या वहीबद्दल.

अकरावीतल्या एका मुलीने मसाले आणि पापड करणाऱ्या मावशींची मुलाखत घेतली. या मावशी रेल्वेपलीकडच्या मोठ्या इमारतींतून माल देतात. मुलीने सहज विचारले, “मावशी, पाटीवर तुमचे नाव का नाही? नुसतेच ‘घरगुती मसाले’ का?” मावशी म्हणाल्या, “नाव घातले की आडनाव विचारतात. आडनाव सांगितले की पुढच्या महिन्यात ‘अजून मागचा मसाला शिल्लक आहे’ म्हणतात.” कुणी वाईट बोलत नाही, कुणी दार आपटत नाही. फक्त मसाला संपत नाही. त्याच इमारतींत दोन बायका अशाही आहेत की ज्यांना सगळे ठाऊक आहे आणि ज्यांनी आणखी चार घरे जोडून दिली. मुलीने दोन्ही गोष्टी लिहिल्या, त्यामुळे वही खरी वाटते.

वाचकहो, हा प्रश्न नवा आहे का? परमपूज्य बाबासाहेब बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतले तेव्हा त्यांनी शेअर व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. ज्ञानात काही कमी नव्हते. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकून आलेला हा माणूस होता. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद करावी लागली. पुढे १९१९ साली साउथबरो समितीपुढे दिलेल्या निवेदनात, अस्पृश्याला व्यापाराची वाट बंद आहे, कारण त्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळत नाही, असा मुद्दा त्यांनी मांडला. मावशींनी हे निवेदन वाचलेले नाही. त्यांनी शंभर वर्षांनंतर तोच मुद्दा मसाल्याच्या भाषेत सांगितला. आणि उरलेल्या पंचवीस वह्यांत हा प्रश्नच नाही! आपल्याच मुलांनी, आपल्याच माणसांना, विहारातून दिलेल्या कामात हा प्रश्न विचारू नये, याचे मला वाईट वाटले. यशाच्या गोष्टीत जातीचा उल्लेख आला की यश कमी होते असे मुलांना वाटते की काय, कोण जाणे.

तर ही वही सर्वांत चांगली ठरली आणि चांगल्या वह्यांची पाने विहारातील फलकावर लावायची असे ठरले होते. मुलगी आनंदात होती. मी तिला एवढेच विचारले, “तू लिहिलेले मावशींना वाचून दाखवलेस का?” दाखवले नव्हते. वहीत मावशींचे पूर्ण नाव होते, इमारतींची नावे होती, जोडून देणाऱ्या दोन बायकांची नावेही होती. आजकाल फलकावरचा कागद संध्याकाळपर्यंत फोनवर पोचतो आणि फोनवरून कुठे कुठे जातो हे सांगता येत नाही. त्या इमारतींपर्यंत गेला तर?

यावर आमच्यातच दोन मते पडली. एक तरुण कार्यकर्ता तावातावाने म्हणाला, “लपवायचे कशासाठी? आडनाव लपवून धंदा करणे हीच गुलामी. उघड लिहा, होऊ द्या काय व्हायचे ते.” त्याचा आवेश खोटा नव्हता. दुसरे एक निवृत्त बंधू म्हणाले, “बाळ, व्हायचे ते तुझे होणार नाही, मावशींचे होईल. त्यांच्या नातवाची फी त्या मसाल्यावर आहे.” मला या दुसऱ्या बाजूचे म्हणणे पटते. ताठ मान ही ज्याची त्याने ठेवायची असते. दुसऱ्याच्या मानेच्या जोरावर आपण ताठ उभे राहू नये.

शेवटी मुलगी वही घेऊन मावशींकडे गेली आणि सगळे वाचून दाखवले. मावशींनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली. एका ठिकाणी मुलीने ‘मावशींना अपमान सहन करावा लागतो’ असे लिहिले होते. मावशी म्हणाल्या, “ते काढ. अपमान मी सहन करत नाही, गिऱ्हाईक बदलते.” दुसरी दुरुस्ती आकड्याची होती. मिरचीचा भाव मुलीने गेल्या वर्षीचा लिहिला होता. मग म्हणाल्या, “विहारात सगळ्यांसमोर वाच, मी येऊन बसते. पण कागद भिंतीवर नको.” त्याप्रमाणे रविवारच्या वंदनेनंतर मुलीने वही वाचली. मावशी पुढच्या रांगेत होत्या. ऐकून झाल्यावर तीन बायका उठून बोलल्या, त्यातली एक घरकामाला जाते, एक डबे देते, एक शिवणकाम करते. तिघींनी आपापल्या आडनावाची गोष्ट सांगितली. हे बोलणे कागदावर आलेले नाही आणि येथेही मी ते लिहीत नाही. मसाल्याच्या मावशींबद्दल जे वर लिहिले आहे ते त्यांना वाचून दाखवले आहे. मिरचीचा भाव येथेही घाला म्हणाल्या होत्या, पण अंक निघेपर्यंत तो पुन्हा बदलेल म्हणून राहू दिला.

पुढच्या वर्षीसाठी मुलांना आता एक पान छापून दिले आहे. त्यावर प्रश्न फार नाहीत. पहिल्या दिवशी काय काय विकत घेतले आणि पैसे कुणाचे होते. काल किती विकले, काल किती खर्च झाला. घरातले कोण कोण हात लावते. उधारी कुणाची राहते आणि कशी मागता. धंदा बंद करावासा वाटला तो दिवस कोणता. पाटीवर काय लिहिले आहे आणि का. शेवटी, हे लिहिलेले कुणाला दाखवले तर चालेल. ‘आपल्या यशाचे रहस्य काय’ हा प्रश्न काढून टाकला आहे. काही मुलांना तो गेल्याचे दुःख झाले, कारण त्याचे उत्तर त्यांच्याकडे आधीपासूनच लिहून तयार असते.

सव्वीसपैकी चौदा वह्या दुसऱ्यांदा तपासून झाल्या. बाकीच्या अजून बाहेर आहेत. तीन रिक्षावाल्यांच्या वह्या मी पुन्हा परत पाठवल्या आहेत. तिघांनाही मुलांनी ‘रिक्षाचे मालक’ म्हटले आहे, पण परमिट कुणाच्या नावावर आहे आणि रिक्षा रोजाच्या भाड्याने घेतलेली आहे का, हे तिघांनीही विचारलेले नाही. त्यातल्या एका मुलाचे ते सख्खे मामा आहेत. तो म्हणतो, मामांना हे विचारायला संकोच वाटतो. मी त्याला म्हटले, मामीला विचार.